शर्टाचा खिळा

सुनेनं गाडी आणली ती ऐकूच आली नाही.
मी गॅलरीत पेपर धरून बसलेलो,
खाली दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत
सेवउसळवाल्याच्या बाकड्याला खेटून
ती येऊन उभी होती कधीची,
चपला हातात घेऊन आल्यासारखी.

एकतीस वर्षं मी कोयलीला, रिफायनरीच्या लॅबमध्ये.
पेट्रोल पारखायला एक इंजिन होतं आमच्याकडे,
एकाच सिलिंडरचं, तोंडाळ.
नमुना हलका असला की ठोकायचं,
आणि काटा हलायच्या आत मी सांगायचो,
एक्क्याण्णवला दोन कमी.
साहेब म्हणायचे, दिघे,
तुमचा कान सरकारजमा करून घ्यायला हवा.

त्या कानापुढे आता ही.

"पप्पा, किलोमीटरला रुपयापण नाय लागत,"
ऊर्वी म्हणाली. मराठी अजून नडियादचं,
हिशेब मात्र कुठल्याच गावचा नाही, पक्का.
मी म्हटलं, वीज कुठून येते? वणाकबोरीहून.
तिथं कोळसा जळतो. धूर गेलेला नाही,
शेजारच्या जिल्ह्यात राहायला गेलाय.
ती म्हणाली, आणि कच्छात उन्हावर चालतंय ते?
मी म्हटलं, गाडी तू रात्री लावतेस.
तिनं तोंड उघडलं, मिटलं.
हा एक गुण माझा.
मग ती हळूच म्हणाली,
"तुमच्या मारुतीनं गेल्या महिन्यात किती प्यायलं, पप्पा?"
मी पेपर उलटा केला.

पाणीगेटहून गुलामनबी मिस्त्री आला बघायला.
बावीस वर्षं माझी मारुती त्याच्या हातात.
बॉनेट उघडून बराच वेळ वाकून राहिला.
"साहेब, इथे तर भाजीची पिशवी ठेवायची जागा आहे."
कुणी हसलं नाही.
खिशातून फडकं काढून त्यानं हात पुसले,
हात स्वच्छच होते.
मुलगा काय करतो, विचारलं.
"मोबाईल दुरुस्ती," म्हणाला, "याच्याच भावकीतलं काम."
आणि चहा न घेता गेला.

ऊर्वी म्हणाली, चालवून तर बघा.
बघितली.
न्यायमंदिराच्या वळणावर एक माशी
मेथीच्या जुड्या मोजत रस्त्यातच उभी.
तिला कळेना मागे काय आहे ते,
हॉर्न द्यायला मला लाज वाटली इतक्या शांततेत.
मग काच खाली करून मीच तोंडानं
भुर्र केलं.
दचकून बाजूला झाली. "मुआ," म्हणाली.
ऊर्वी सूरसागरापर्यंत हसत होती.
मी पण थोडा.

पण सगळ्या गाड्या अशा होतील?
मला नाही वाटत.
आमच्या गल्लीत अठरा घरं, पार्किंग एकालाही नाही,
सगळ्यांनी खिडकीतून वायरी सोडल्या
तर उत्तरायणाला पतंग कुठून काढायचे?
हे मी ऊर्वीला सांगितलेलं नाही.
तिच्याकडे उत्तर असेल म्हणून.

वायर तिसऱ्या मजल्यावरून सोडायची तर
मध्ये आधार हवा होता.
भिंतीत एक जुना खिळा सापडला, गंजका, मजबूत.
तो कुसुमचा.
माझे कामाचे शर्ट ती घरच्या दोरीवर कधी घालायची नाही.
वेगळी दोरी, वेगळा खिळा.
दोनदा धुवून म्हणायची, जात नाही हो वास.
मला तर यायचाच नाही.
साहेबांना माझा कान माहीत होता,
नाकाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

काल रात्री दोनला उठलो.
गच्चीवरून उत्तरेला कोयलीची ज्योत दिसते अजून,
ढगाला खालून केशरी करते.
खाली गाडीवर एक हिरवा ठिपका, मिणमिणता.
खिळ्यावरच्या वायरीला हात लावून पाहिला.
कोमट होती.

सकाळी मारुती सुरू केली.
हल्लीच्या पेट्रोलात काय काय मिसळतात.
चढावर तिनं दोन ठोके दिले,
स्पष्ट.
मी आकडा मनातच ठेवला.